घोडा खोडू नकोस

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

सातपुड्यातल्या अस्तंबा डोंगराच्या यात्रेवरचं तुझं प्रकरण वाचलं. रात्रीची चढण छान जमलीये. पुढच्याच्या टाचा तेवढ्या दिसतात, बाकी नुसता अंधार, हे बरोबर पकडलंस. पण 'लहानपणापासूनच मला डोंगरांची ओढ होती' हे पहिलं वाक्य काढ. खरं असलं तरी काढ. जो तो भटक्या आठवणी लिहायला बसला की इथूनच सुरुवात करतो आणि मला त्यातल्या निम्म्यांचंही खरं वाटत नाही. साठीला आलेल्या माणसाला वाटायला लागतं, की जे झालं ते आपण चड्डीत असतानाच ठरवलं होतं.

माझंच बघ. लोक मला सातपुड्यात भटकलेला म्हणून ओळखतात. लहानपणी मला डोंगराचं काही पडलेलं नव्हतं. मला घोडा हवा होता. दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरायची, तापीकाठी घोड्यांचा बाजार लागायचा. वडील शेतीची अवजारं बघायचे, मी घोड्यांत शिरायचो. व्यापारी ओठ वर करून दात दाखवायचा, गिऱ्हाईक केसांचे भोवरे शोधत अंगावरून हात फिरवायचं. भाव मात्र कुणी तोंडाने बोलायचं नाही, रुमालाखाली बोटं दाबायची. चारी पाय आणि तोंड पांढरं असलेला पंचकल्याणी दिसला की मला तिथून ओढून न्यावं लागायचं. त्यावर बसून तापीच्या काठाकाठाने सुरत गाठायची, हे पक्कं होतं. सुरतच का, तर शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये ती लुटली हे पुस्तकात होतं. त्यात गावातले म्हातारे चिमठाण्याची गोष्ट रंगवून सांगायचे. १९४४ मध्ये क्रांतिकारकांनी तिथे सरकारी खजिना लुटला होता. त्यामुळे धाडस म्हणजे खजिना लुटणं, एवढीच आमची समज. स्वातंत्र्य वगैरे भानगड नंतर कळली.

घोडा काही मिळाला नाही. सुरतेला गेलो तो सायकलवर. तेही काठाने नव्हे, जुना काठ बराचसा उकाई धरणाच्या पाण्याखाली गेलेला, म्हणून नवापूरवरून, ट्रकांचा धूर खात. वाटेत डोंगर दिसले, त्यातल्या वाटा दिसल्या आणि पुढे त्यांच्यातच आयुष्य गेलं. आता आठवणींत मी घोडा गाळून डोंगर घातला तर गोष्ट सरळ होईल, पण वाचणाऱ्याच्या हाती काय लागेल?

म्हणून आधी आईला विचार, सहा-सात वर्षांचा असताना तू काय होणार म्हणायचास. उत्तर लाजिरवाणं निघालं तर फारच उत्तम. आणि एक, परवा बोलता बोलता तूच म्हणालास, की कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत फिरणाऱ्या अश्वत्थाम्याच्या भीतीने तू रात्री एकटा अंगणात जायचा नाहीस. हे प्रकरणात कुठेच कसं नाही? ज्याच्या नावाने पांघरुणात तोंड खुपसायचास, त्याच्याच डोंगरावर, अस्तंब्यावर, धनत्रयोदशीच्या रात्री चढत होतास! तिथून सुरुवात कर.

शिखरावरची दोन पानं अर्ध्यावर आण, सूर्योदय सगळ्यांना सारखाच दिसतो. उतरताना गुडघ्यांचं काय झालं ते मात्र सविस्तर लिही. दुसरा खर्डा दिवाळीआधी पाठव, आणि अक्षर जरा मोठं काढ. माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय.

तुझा,
नाना