गुरूवरच्या वादळाचा वेग हबल आणि वेब दुर्बिणी कशा मोजतात?

तुम्ही विचारलंय की गुरूच्या मोठ्या तांबड्या डागात, म्हणजे तिथल्या महाकाय वादळात, ताशी ६४० किलोमीटरहून जास्त वेगाने वारे वाहतात, हा आकडा हबल या अवकाश दुर्बिणीने इतक्या लांबून काढला कसा, की ठोकून दिलाय?

ठोकून दिलेला नाही. वारा दिसत नसला तरी ढग दिसतात. एकाच ढगाचे दोन फोटो घ्यायचे, तो किती सरकला ते मोजायचं आणि मधल्या वेळाने भागायचं. तत्त्व एवढंच.

गुरू ९ तास ५५ मिनिटं २९.७ सेकंदांत स्वतःभोवती फिरतो. म्हणून तीच बाजू समोर आली की, साधारण दहा तासांनी, दुसरा फोटो घेतात. गुरू सर्वांत जवळ असताना हबलच्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल तिथे सुमारे १२० किमी भरतो. दहा तासांच्या जोडीत एका पिक्सेलची चूक झाली तर वेग सेकंदाला साडेतीन मीटरने चुकतो. हे चालतं. फोटो तासाभराच्या अंतराचे असतील तर तीच चूक ३३ मीटरची होते. पण डागाच्या वायव्येकडच्या खळबळीत दहा तासांनी ढग ओळखूच येत नाहीत, तिथे नाइलाजाने जवळची जोडी घ्यावी लागते.

खरी डोकेदुखी म्हणजे फोटो अक्षांश-रेखांशांवर बसवणं. त्यासाठी ग्रहाची कड शोधतात, आणि ती धारदार नसते, अंधुक होत विरते. शिवाय गुरू चपटा आहे: विषुववृत्तीय त्रिज्या ७१,४९२ किमी, ध्रुवीय ६६,८५४. त्याला गोल धरलं की अक्षांश बिघडलेच. दोनपैकी एका फोटोत कड पूर्व-पश्चिम एक पिक्सेल चुकली तर सगळ्या ढगांना एकाच दिशेचा खोटा वारा लागतो. सगळीकडचे वेग सारख्याच दिशेने वाढलेले दिसले तर आधी कड तपासावी.

दुसरं, विषुववृत्तावर गुरूचा ढगांचा थर सेकंदाला साडेबारा किमी फिरतो. दहा सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये ढग एक पिक्सेल पुसट होतो. फिल्टर (ठरावीक रंगाचाच प्रकाश आत सोडणारी काच) बदलायला एक मिनिट गेलं तर तो सहा पिक्सेल सरकलेला असतो. म्हणून रंगीत चित्र करण्याआधी प्रत्येक फिल्टरचा नकाशा वेगळा करतात. घाईत थेट एकावर एक ठेवलेल्या चित्रांना रंगीत झालर येते, ती वादळाची नव्हे.

डागाच्या बाहेरच्या कड्यातले वारे २००९ ते २०२० मध्ये ८ टक्क्यांपर्यंत वाढले, म्हणजे वर्षाला ताशी अडीच किमीहूनही कमी. हे एका जोडीतून कधीच कळलं नसतं. त्याच कॅमेऱ्याची अकरा वर्षांची नोंद होती म्हणून कळलं.

वेब काय वेगळं करते? तिचे अवरक्त फिल्टर ढगांच्या वरचं धुकं दाखवतात. जुलै २०२२ मध्ये दहा तासांच्या अंतराने घेतलेल्या फोटोंत तिने विषुववृत्तावर सुमारे ४,८०० किमी रुंद, ताशी ५१५ किमी वेगाचा वाऱ्याचा झोत पकडला. हा मुख्य ढगांच्या बराच वर आहे. दुसऱ्या दिवशी हबलने खालचे ढग टिपले, त्यांच्याशी ताडून उंचीनुसार वेग कसा बदलतो ते कळलं. (गंमत म्हणजे वेब सूर्यापासून ८५ ते १३५ अंशांतच पाहू शकते, त्यामुळे गुरू सर्वांत जवळ असतो तेव्हा नेमका तिला दिसत नाही.)

एक फसवणूक मात्र उरतेच. ढगाचा आकार सरकला म्हणजे हवा तितकीच सरकली असं नाही, ती लाटही असू शकते. सुमारे ७ अंश उत्तरेला ढग विरळ असलेले 'हॉट स्पॉट' सेकंदाला शंभरेक मीटरने सरकतात. १९९५ मध्ये नासाच्या गॅलिलिओ मोहिमेचं छोटं यान त्यापैकी एकात उतरलं, तर खोलवर वारा सेकंदाला १७० मीटरच्या आसपास निघाला.

हबलचे नकाशे सर्वांना खुले आहेत, स्वतः करून बघा. विषुववृत्तावर एक अंश म्हणजे १,२४८ किमी, तांबड्या डागाच्या अक्षांशावर सुमारे १,१६०. समजा विषुववृत्तावरचा ठिपका एका फेरीत २१२.० वरून २०८.९ रेखांशावर आला: ३.१ गुणिले १,२४८, भागिले ३५,७३० सेकंद, म्हणजे सेकंदाला १०८ मीटर. दिशा पूर्वेकडे, कारण गुरूचे रेखांश पश्चिमेकडे वाढत जातात. पृथ्वीच्या सवयीने इथे उणे-अधिकची उलटापालट हमखास होते.