स्टीलच्या केगला नळ आणि थर्मामीटरचे सॉकेट कसे जोडावे?

आपण अमेरिकेत घरी बिअर करण्यासाठी स्टीलच्या जुन्या केगचे (बिअरच्या पिंपाचे) उकळण्याचे भांडे करणार आहात. त्याला लागणारी सॉकेट, म्हणजे नळ आणि थर्मामीटर बसवायचे आतून आटे असलेले तुकडे, कोल्हापुरातून न्यावीत का आणि ती वेल्ड करावीत की वॉशर लावून आवळावीत, असे आपण विचारले आहे. उद्यमनगरात मी दुधाच्या आणि रसाच्या स्टेनलेस टाक्यांचे काम करतो, त्यावरून लिहितो. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, इथल्या वाचकांनी ही जोडणी दुधा-सरबताच्या भांड्यापुरतीच समजावी.)

सॉकेट इथून नेऊ नयेत. आपल्याकडे मिळणाऱ्या मालाचे आटे बीएसपी या ब्रिटिश पद्धतीचे असतात, तर तिकडचे नळ एनपीटी या अमेरिकन पद्धतीच्या आट्यांचे. अर्धा इंची मापात दोन्हींना इंचाला १४ च आटे असल्यामुळे नळ सुरुवातीला सहज चढतो आणि माप जुळल्यासारखे वाटते. पण एकाच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा आणि दुसऱ्याचा ६० अंशांचा असल्याने तो पुढे अडतो, आणि टेफ्लॉन टेप कितीही गुंडाळली तरी त्या जोडाचा भरवसा धरता येत नाही. सॉकेट आणि नळ एकाच पद्धतीचे, शक्यतो ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसचे, तिथेच घ्यावेत.

जोडणीबाबत माझे मत स्पष्ट आहे: अर्ध्या लांबीचे सॉकेट (हाफ कपलिंग) आर्गन वेल्डिंगने बसवून घ्यावे. वेल्डिंग करणाऱ्याला एक गोष्ट आधीच सांगावी, ती म्हणजे केगच्या आतूनही आर्गन वायू सोडायचा. तसे न केल्यास बाहेरचा जोड चकचकीत दिसतो, पण आतल्या बाजूला तापलेल्या स्टीलला हवा लागून काळी, खडबडीत, साखरेच्या खड्यांसारखी कड तयार होते. तिच्या खाचांत माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गाळ अडकतो, ब्रशने निघत नाही, आणि गंजही तिथूनच सुरू होतो. दुधाच्या टाकीत असा जोड दिसला तर आम्ही तो घासून पुन्हा करतो. भरणीची तार ३०८एल असावी, आणि साफसफाईला साध्या लोखंडाचा तारेचा ब्रश वापरू नये, कारण त्याचे कण स्टीलमध्ये रुतून गंजतात.

वेल्डर मिळाला नाही तर कथील-चांदीच्या डागाने सॉकेट झाळता येते. शिसे असलेले साधे सोल्डर आणि कॅडमियम असलेली चांदीची काडी मात्र अन्नाच्या भांड्याला कदापि वापरू नये. कथील-चांदीचा डाग साधारण २२१ अंश सेल्सिअसला वितळतो. भांड्यात पाणी असेपर्यंत तो सुरक्षित आहे, पण रिकामे भांडे शेगडीवर राहिले तर सॉकेट सुटून हातात येईल. सिलिकॉन वॉशर आणि चेकनट (मागून आवळायचा नट) लावूनही काम भागते. फक्त दरवेळी जोड खोलून वॉशरखालची जागा धुण्याची तयारी हवी.

भोक पाडताना ड्रिलचा वेग कमी, दाब भरपूर आणि कटिंग ऑइल सतत ठेवावे. ड्रिल नुसते घासत राहिले की स्टेनलेस तिथेच कडक होते आणि मग बिट चालत नाही. या सगळ्याआधी केगमधला दाब पूर्ण सोडावा, त्याशिवाय केगच्या तोंडातून आत गेलेली बिअर काढायची नळी काढण्यास हात लावू नये. दाबाखालची नळी उसळून जीवघेणी इजा करू शकते.

जोड झाल्यावर भांडे पाण्याने भरून उकळावे, थंड होऊ द्यावे आणि सॉकेटभोवती कोरडा कागद फिरवून ओल लागते का ते पाहावे. गार पाण्यात न गळणारा जोडही पुष्कळदा तापल्यावर पाझरतो.