धुराड्याला आधी टोपण

दांडिया बाजार, बडोदे

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. चौथऱ्यावरच्या त्या नॅरोगेज इंजिनाला तुम्ही कॉलेजची मंडळी मिळून रंग देणार, जमलं तर एकदा वाफेवर चालवणार, आणि मधल्या वेळात तू घरची आजोबांची लॅम्ब्रेटा स्कूटर ‘अगदी नवी’ करून घेणार. उत्साहाला नाट लावायची नाही मला. पण तू कलाभवनात, म्हणजे इंजिनिअरिंगच्या कॉलेजात, मेकॅनिकल शिकतेस, तेव्हा स्पष्टच लिहितो: रंगाचे डबे अजून विकत आणू नका.

इंजिन चालताना झिजतं, पण सडतं ते उभं राहून. धुराडं वरून उघडं असतं, त्यामुळे पावसाचं पाणी थेट स्मोकबॉक्समध्ये, म्हणजे धुराड्याखालच्या धुराच्या पेटीत, उतरतं. तिथे शेवटच्या फेरीची राख तशीच साचलेली असते. कोळशाच्या राखेत गंधक असतं. ती भिजली की आम्ल तयार होतं, आणि ते स्मोकबॉक्सचा तळ आतून खात बसतं. बाहेरून दरवर्षी काळा ऑइल पेंट चढतो, सव्वीस जानेवारीला झेंडूच्या माळा चढतात, आणि आत पेचकस टोचला तर आरपार जातो. म्हणून पहिलं काम: परवानगी काढून पुढचं गोल दार उघडा, राख कोरडी असतानाच काढा, तळाशी पाणी निघून जायला वाट आहे का बघा, आणि धुराड्यावर पत्र्याचं टोपण बसवा. टोपण घट्ट नको, खाली बोटभर फट ठेवा, नाहीतर आतला दमटपणा आतच कोंडतो. खर्च एका रविवारच्या नाश्त्याइतका. फोटोत ते दिसणार नाही, त्यामुळे तुमच्यातले दोघे-तिघे गळतील. गळू देत.

एक सावधगिरी. बॉयलरभोवतीच्या पत्र्याखाली पांढरट, तंतूंसारखं काही दिसलं तर बोट लावू नका, झाडू तर मुळीच मारू नका. जुन्या इंजिनांत उष्णता राखायला ॲस्बेस्टॉस भरत. त्याची धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही, आणि दुखणं कळतं ते कैक वर्षांनी. पत्रा होता तसा ठेवा आणि अधिकाऱ्यांना लेखी कळवा.

आता वाफेचं. बॉयलर म्हणजे नुसती मोठी टाकी नव्हे. फायरबॉक्स, म्हणजे कोळसा जळतो ती पेटी, तिच्या छतावर कायम पाणी असावं लागतं. ते कमी झालं की छत तापून मऊ पडतं आणि वरच्या दाबाने खाली बसतं, मग स्फोट. म्हणूनच त्या छतात लेड प्लग असतो. पाणी उतरलं की त्यातलं शिसं वितळतं, वाफ आगीवर येते आणि कोळसा घालणाऱ्या फायरमनला धोक्याची सूचना मिळते. वर्षानुवर्षं चौथऱ्यावर उभ्या असलेल्या बॉयलरची जाडी कुठे किती उरलीय ते मापल्याशिवाय, नळ्या बदलल्याशिवाय आणि पाण्याच्या दाबाची चाचणी झाल्याशिवाय त्यात काडी घालायचा विचारही नको. हरियाणातल्या रेवाडीच्या इंजिन-शेडमध्ये इंजिनं वाफेवर ठेवतात. तिथे माणसं, हत्यारं आणि सुटे भाग, तिन्ही आहेत. तुमच्याकडे हौस आहे. हौसेवर टोपण बसतं, बॉयलर पेटत नाही.

मग करायचं काय, असं तू विचारशील. बघायचं. गंमत करत नाही. इंजिनाच्या डाव्या बाजूला उभी राहा आणि चाकाला जोडलेली क्रँकपिन, म्हणजे रॉड जिच्यावर बसतो ती खुंटी, कुठल्या कोनात थांबलीय ते वहीत काढ. मग उजवीकडे जाऊन तिथलं काढ. दोन्हींत नव्वद अंशांचा फरक सापडेल. एका बाजूचा पिस्टन अगदी टोकाला अडकला, तरी दुसऱ्या बाजूचा ढकलायला तयार असावा म्हणून ही मांडणी. दोन सिलिंडर, प्रत्येकात दोन्ही बाजूंनी वाफ, म्हणून चाकाच्या एका फेऱ्यात धुराड्यातून चार भुसके. लहानपणी आपण सगळे ज्या तालावर ‘झुकझुक’ म्हणत पळायचो, तो ताल त्या नव्वद अंशांत आहे. हे एकदा डोळ्यांनी पाहिलंस की थंड इंजिनही बघायला कंटाळा येत नाही.

तिथेच, रॉडच्या टोकाशी, ठोकलेले आकडे शोध. शेडमध्ये फिटर लोक सुट्या भागांवर इंजिनाचा नंबर पंच करत. बऱ्याचदा एका इंजिनावर दुसऱ्याच नंबरचा रॉड सापडतो, म्हणजे कुणीतरी कधीतरी गाडी वेळेवर काढायला शेजारच्या इंजिनाचा भाग उचलून बसवला. त्या शेडच्या एका घाईच्या दिवसाची ती नोंद आहे, आणि ऑइल पेंटचे चार हात दिले की ती बुजते. हे रॉड मुळात रंगवायचे नसतातच. ते घासून, तेल देऊन लख्ख ठेवत, म्हणजे तडा गेला तर दिसावा. तरीही प्रत्येक चौथऱ्यावर त्यांना चांदीचा नाहीतर लाल रंग फासलेला असतो. कुणाच्या डोक्यातून निघतं हे, देव जाणे.

बडोद्याच्या माणसाने तर रुळाच्या तुकड्याचीही कदर करावी. खंडेराव महाराजांच्या काळात, 1862 साली, डभोई ते मियागाम अडीच फूट अंतराचे नॅरोगेज रूळ पडले, आणि त्यावरून गाडी ओढली ती बैलांनी. रूळ इतके हलके होते की इंजिनाचं वजन त्यांना पेलवेना. भक्कम रूळ टाकून इंजिनं नियमित धावू लागली ती 1873 मध्ये. त्या डभोईहून आता ब्रॉडगेज केवडियाला जातं. नॅरोगेजचं असं ब्रॉडगेज होताना जुने रूळ भंगारात निघतात, कुणाच्या कुंपणाचा खांब होतात, कुणाच्या छताची तुळई. रुळाच्या पोटावर कारखान्याचं नाव आणि वर्ष उठवलेलं असतं. डभोईकडे गेलात तर कुंपणं बघत जा, फोटो घ्या, गावाचं नाव लिहून ठेवा. इथल्या प्रतापनगरच्या रेल्वे हेरिटेज पार्कमध्येही एकदा वही घेऊन सबंध दुपार काढ.

अहमदाबाद–एकतानगर (म्हणजे तेच केवडिया) या हेरिटेज गाडीबद्दल तू जरा नाक मुरडलं होतंस. 2023 पासून धावणारं ते इंजिन विजेचं, वाफेच्या इंजिनाचं नुसतं सोंग घेतलेलं, हे खरं. पण लहान मुलं ते बघून हरखतात, आणि त्यातलं एखादं पुढे खरं इंजिन बघायला येईल. माझी तक्रार नाही. फक्त त्याला जतन म्हणू नये.

लॅम्ब्रेटाचं थोडक्यात. 2021 च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली आणि मूळ रूपातली दुचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. आधीच नोंदलेल्या गाडीचा जुना नंबर तसाच राहतो. मात्र रोज भाजी आणायला ती वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर. तेव्हा आजोबांची गाडी रोज फिरवायची की व्हिंटेज करायची, हे आधी आईशी बोलून ठरव. काहीही ठरलं तरी पावडर कोटिंगवाल्याकडे द्यायची घाई नको. डिकीच्या आत, जिथे कुणाला दिसत नाही तिथे, रुपयाएवढी जागा पॉलिश पेपरने हलकेच घास, कडेकडेने उतार देत. रंगाचे थर एकात एक वर्तुळांसारखे उघडे पडतील, आणि सर्वांत आतलं वर्तुळ कारखान्यातल्या रंगाचं. घरात सगळे ती आकाशी होती म्हणतात ना? बघ खरंच होती का.

आणखी एक. आपल्याकडे निवृत्त फायरमन, फिटर अजून भेटतात, पण दरवर्षी कमी होतायत. त्यांना ‘तुमच्या आठवणी सांगा’ म्हणू नकोस, ते दोन वाक्यांत आटोपतात. ‘शेडमध्ये आल्यावर पहिला हात कशाला लावायचात?’ असं विचार. ‘डबा कुठे गरम करायचात?’ असं विचार. मग चहा दोनदा होतो.

टोपणासाठी अर्ज पावसाळ्याआधी द्यायला हवा. मसुदा तू मराठीत लिहून पाठव, त्याचं गुजराती मी करून देतो. सोबत धुराड्याचं माप आतून-बाहेरून दोन्ही लिही, आणि शिडी कुणाची आणणार तेही.

तुझा,
काका