सेप्सिसमध्ये मुलीचा टी३ कमी आला. थायरॉइडची गोळी सुरू करावी का?

तुमच्या प्रश्नातले आकडे आधी इथे पुन्हा मांडतो. मुलगी चार वर्षांची, सेप्सिस (इन्फेक्शनला शरीराने दिलेला जीवघेणा प्रतिसाद), आयसीयूचा तिसरा दिवस. टी३ (थायरॉइडचं प्रत्यक्ष काम करणारं संप्रेरक) नेहमीच्या निम्म्यावर, टी४ (त्याचं साठ्याचं रूप, म्हणजेच थायरॉक्सिन) खालच्या काठाला, टीएसएच (मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीचा थायरॉइडला हुकूम) १.१. तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: गोळी आयुष्यभर लागेल का, आणि थायरॉइड कमी होतं म्हणूनच इन्फेक्शन एवढं चढलं का.

या आकड्यांवर गोळी लागत नाही. दुसऱ्या प्रश्नात कार्यकारण उलटं झालंय. इन्फेक्शन चढलं म्हणून टी३ पडला.

उत्तर खरं तर इथेच संपतं. पण 'टी३ कमी दिसतोय, देऊन टाका थायरॉक्सिन, बिघडतंय काय' हे वाक्य आयसीयूच्या राउंडमध्ये इतक्या वेळा ऐकू येतं की गप्प बसवत नाही.

थायरॉइड ग्रंथी बनवते तो बहुतांश टी४. शरीरातला सुमारे ८० टक्के टी३ ग्रंथीबाहेर, यकृत, मूत्रपिंड, स्नायू अशा ठिकाणी टी४मधला आयोडीनचा एक अणू काढून तयार होतो. बाहेरच्या कड्यावरचा अणू निघाला तर टी३, आतल्या कड्यावरचा निघाला तर रिव्हर्स टी३, जो जवळपास निरुपयोगी. गंभीर सेप्सिसमध्ये पहिलं काम करणारं डीआयोडिनेज-१ हे विकर (एन्झाइम) मंदावतं आणि दुसरं करणारं डीआयोडिनेज-३ जोर धरतं. त्यामागे इंटरल्युकिन-६, टीएनएफ यांसारखे दाहाचे संदेशवाहक असतात, आणि पोट रिकामं असणंही. निरोगी माणूस नुसता उपाशी राहिला तरी टी३ उतरतो. टी३चं अर्धायुष्य जेमतेम एक दिवसाचं असल्यामुळे पहिल्या चोवीस तासांतच रिपोर्ट लाल दिसू लागतो. टी४चं अर्धायुष्य सुमारे सात दिवसांचं, तरी तोही खाली येतो, कारण त्याला रक्तात वाहून नेणारी प्रथिनं (टीबीजी, ट्रान्सथायरेटिन, अल्ब्युमिन) सेप्सिसमध्ये घसरतात.

आता टीएसएच. ग्रंथीच बंद पडली असती तर पिट्यूटरीने आरडाओरडा केला असता आणि टीएसएच १.१वर राहिला नसता. इथे मेंदूतल्या हायपोथॅलॅमसनेच टीआरएच (पिट्यूटरीला टीएसएच सोडायला सांगणारं संप्रेरक) कमी केलेलं असतं, म्हणून टी३, टी४ खाली असूनही टीएसएच शांत दिसतो. याला नॉन-थायरॉइडल इलनेस म्हणतात, जुनं नाव सिक युथायरॉइड. टी४ जितका खोल जातो तितकं आजारपण गंभीर, हे खरं आहे. पण तापमापकातला पारा चढला म्हणून कोणी तापमापकावर बर्फ ठेवत नाही.

रिपोर्टशेजारी औषधांचा तक्ता ठेवल्याशिवाय तो वाचूच नये. रक्तदाब सावरायला दिलेलं डोपामिन टीएसएच थेट दाबतं. (मुलांच्या सेप्टिक शॉकमध्ये आता डोपामिनपेक्षा ॲड्रेनलिन किंवा नॉरॲड्रेनलिन पसंत केलं जातं. त्याची कारणं वेगळी, पण हा गोंधळही टळतो.) हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड टीएसएच दाबतं आणि टी४चं टी३मध्ये रूपांतरही अडवतं. रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या हेपरिनमुळे तपासणीच्या नळीतच फ्री टी४ (प्रथिनांना न चिकटलेला, मोकळा टी४) खोटा वाढलेला दिसू शकतो. सीटी स्कॅनच्या कॉन्ट्रास्टमधलं आणि पोविडोन-आयोडीन या जंतुनाशकामधलं आयोडीन ग्रंथीचं काम काही दिवस रोखू शकतं, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बाळांत, कारण त्यांच्या पातळ त्वचेतून ते सहज आत जातं.

'देऊन बघू' म्हणणाऱ्यांना माझा सरळ प्रश्न: दिलेला टी४ जाणार कुठे? रूपांतराचा रस्ताच वळलेला आहे, त्यातला बराचसा रिव्हर्स टी३ होणार. थेट टी३ दिला तर आधीच दमलेल्या हृदयाची प्राणवायूची मागणी वाढते. सर्व्हायव्हिंग सेप्सिस कॅम्पेन या आंतरराष्ट्रीय मोहिमेच्या मुलांसाठीच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचना सिक युथायरॉइड अवस्थेत लेव्होथायरॉक्सिन (गोळीतला टी४) सरसकट देऊ नये असं सुचवतात. पुरावा कमी दर्जाचा आहे हेही त्या मान्य करतात. प्रौढांत, अचानक मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांना टी४ दिल्याच्या एका चाचणीत मृत्यू वाढले होते, म्हणजे 'बिघडतंय काय' याचं उत्तर मिळालेलं आहे. २०१६च्या पेपॅनिक चाचणीत आजारी मुलांचं शिरेतून पोषण आठवडाभर लांबवलं, आणि मुलं लवकर सावरली. त्यांचा टी३ आणखी पडला होता, आणि पुढच्या विश्लेषणात टी३ व रिव्हर्स टी३चं गुणोत्तर घटणं फायद्याशी जोडलेलं दिसलं, तर टी४ जास्त उतरणं मात्र तोट्याशी. म्हणजे सगळीच घसरण हितकारक असं मी म्हणत नाही. सुरुवातीचा टी३ पडणं ही बहुधा शरीराची काटकसर आहे, एवढंच.

खरी फसगत पुढे होते. मूल सावरू लागलं की टीएसएच उसळतो, कधीकधी २०च्या आसपास. नेमकं त्याच आठवड्यात, घरी सोडताना 'एकदा थायरॉइड बघून घेऊ' म्हणून रक्त जातं, टीएसएच १२ येतो, डिस्चार्ज कार्डावर हायपोथायरॉइडिझम (थायरॉइड कमी पडणं) लिहिलं जातं आणि ते कार्ड पुढची दहा वर्षं कोणी तपासत नाही. तपासणी पूर्ण बरं झाल्यावर सहा आठवड्यांनी करा. टीएसएच आणि फ्री टी४ पुरे. टी३, रिव्हर्स टी३वर पैसे घालू नका. केस किंवा नखांसाठीचं बायोटिन चालू असेल तर दोन-तीन दिवस आधी थांबवा, त्याने आकडे बिघडतात.

हे सगळं पूर्वी ग्रंथी धड असलेल्या मुलाबद्दल. मूल आधीपासूनच थायरॉक्सिनवर असेल तर ते थांबवायचं नाही. गोळी थोड्या पाण्यात चुरून लगेच पोटात घातलेल्या नळीतून द्यायची, लोह आणि कॅल्शियमपासून चार तास लांब. दोन-तीन दिवस चुकली तर आकाश कोसळत नाही. आठवडाभर पोट चालणार नसेल तर शिरेतून देतात, तोंडावाटेच्या मात्रेच्या साधारण तीन-चतुर्थांश. आजारपणातही टीएसएच २०च्या वर असेल तर खऱ्या हायपोथायरॉइडिझमचा संशय धरायचा. ०.०१च्या खाली असून फ्री टी४ चढा असेल तर थायरॉइड स्टॉर्म (थायरॉइड संप्रेरकाचा जीवघेणा अतिरेक) डोक्यात ठेवायचं, इन्फेक्शनने ते भडकतं. टीएसएच कमी, फ्री टी४ फार खाली, आणि सोबत वारंवार साखर उतरणं, टाळूची फट किंवा डोक्याला पूर्वी दिलेलं रेडिएशन असेल तर पिट्यूटरीच दोषी असू शकते. तिथे कॉर्टिसोल (ॲड्रेनल ग्रंथीचं ताण झेलणारं संप्रेरक) आधी बघायचं आणि गरज असेल तर हायड्रोकॉर्टिसोन आधी, थायरॉक्सिन नंतर. क्रम उलटला तर ॲड्रेनल क्रायसिस, म्हणजे कॉर्टिसोल अचानक अपुरं पडून जीवावर बेतणं, होऊ शकतो. नवजात बाळाची गोष्ट तर पूर्ण वेगळी. आजारपणात घेतलेला स्क्रीनिंगचा नमुना नॉर्मल आला तरी दोन आठवड्यांनी पुन्हा घ्यायचा, आणि थायरॉइडचा जन्मजात दोष सिद्ध झाला तर एक दिवसही न दवडता थायरॉक्सिन, १० ते १५ मायक्रोग्रॅम प्रतिकिलो प्रतिदिन.

तुमच्या मुलीला गोळी सुरू झालीच असेल तर स्वतःहून बंद करू नका. बालसंप्रेरकतज्ज्ञांना तीन गोष्टी दाखवा: आयसीयूतला रिपोर्ट तारखेसह, त्या दिवशीची औषधं, आणि आजाराआधीचा एखादा जुना टीएसएच असेल तर तो. वय तीनच्या पुढे आहे, त्यामुळे त्यांच्या देखरेखीखाली चार ते सहा आठवडे गोळी थांबवून टीएसएच आणि फ्री टी४ पुन्हा करता येतो.