पहिली-दुसरीच्या मुलांना दुसऱ्याचं दुःख कळावं म्हणून कोणत्या गोष्टी सांगाव्यात?

यादी मागितलीत, पण मी एकच गोष्ट सांगते, आणि तीही तुम्हाला पाठ असलेली. चिऊचं घर मेणाचं, काऊचं घर शेणाचं.

जिल्हा परिषदेच्या शाळेत सव्वीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं. गाव साखर कारखान्याजवळचं. दिवाळी सरली की बीडकडच्या ऊसतोड टोळ्या यायच्या, आणि त्यांची चार-पाच पोरं मार्चपर्यंत माझ्या वर्गात. गावातली पोरं त्यांना 'कोपीवरची' (कोपी म्हणजे ऊसतोड्यांची झोपडी) म्हणायची आणि शेजारी बसायला कां-कूं करायची. मी डोळे वटारले की तेवढ्यापुरती सरकायची.

एका डिसेंबरात रात्रभर अवकाळी पाऊस झाला. सकाळी मी हीच गोष्ट घेतली. फार विचार करून वगैरे नाही, पावसाची आहे म्हणून. "थांब, माझ्या बाळाला तीट लावते" ला वर्ग नेहमीसारखा हसला. कोपीवरची एक मुलगी तेवढी हसली नाही. म्हणाली, "बाई, काऊचं दप्तर पण भिजलं आसंल." तिचं दप्तर खिडकीत वाळत होतं.

मी काही बोलले नाही. (माझ्या नोकरीतलं सगळ्यात चांगलं काम तेच असावं.) मग पुढच्या रांगेतल्या एकानं विचारलं, "रात्री झोपला कुठं तुम्ही?" "गाडीखाली." बैल कुठं बांधले, चूल कशी पेटवली, पंधरा मिनिटं पोरंच बोलत होती.

आणि नेमके तेव्हाच साहेब तपासणीला. फळ्यावर तात्पर्य दिसलं नाही म्हणून शेरेबुकात लिहून गेले, 'गोष्टीतून मूल्य पोहोचत नाही.' अहो, त्या गोष्टीचं तात्पर्य काय लिहायचं? घर पक्कं बांधा? आमच्याकडं तर पुढं त्या भिजलेल्या काऊला तापल्या तव्यावर बसवतात आणि सगळे खिदळतात. म्हणून मी दार उघडायच्या आधीच थांबायचे. काऊ बाहेर उभा राहून मनात काय म्हणत असेल, एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. गोष्ट कुठलीही चालते.

एक मात्र सांगायला हवं. पुढच्या वर्षी मी हे ठरवून करायला गेले. कोपीवरच्या एका पोराला उभं करून विचारलं, "तुमच्याकडं पाऊस आला की काय होतं रे?" तो आठवडाभर शाळेत फिरकला नाही. तसं करू नका.

त्या मुलीशेजारी नंतर एक जण आपणहून बसायला लागली. बाकीच्यांचं छातीठोक सांगत नाही. साहेब आता निवृत्त आहेत. वाचत असतील तर त्यांनीच सांगावं, फळ्यावर काय लिहायला हवं होतं ते.