रविवारची वाचने लक्षात का राहत नाहीत?

प्रश्न : दर रविवारी मिस्सेला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) जाते, पण घरी पोहोचेपर्यंत तिथली वाचने, म्हणजे वाचून दाखवलेले बायबलमधले उतारे, विसरते. श्रद्धा वाढावी कशी? – एक वाचक, सांगली

उत्तर : शनिवारी रात्री २० मिनिटे काढा. आधी शुभवर्तमान (येशूच्या जीवनाच्या वृत्तांतातला उतारा) वाचा, मग पहिले वाचन. ते बहुधा जुन्या करारातले आणि शुभवर्तमानाशी जुळेल असेच निवडलेले असते. पुनरुत्थानकाळात (ईस्टरपासून पुढच्या काही आठवड्यांत) मात्र नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातून येते. दुसरे वाचन सामान्यकाळात (मोठ्या सणांचे काळ सोडून उरलेल्या वर्षात) आपल्याच क्रमाने पुढे सरकते. त्याचा ओढूनताणून संबंध लावला की गोंधळ होतो आणि बरेच जण तिथेच कंटाळतात. पहिल्या वाचनानंतरच्या स्तोत्राचे धृपद पाठ करा. ते स्वयंपाक करतानाही ओठांवर राहते, फार मोलाचे आहे ते! वाचनांचे चक्र ३ वर्षांचे, तीच वाचने पुन्हा येतात, म्हणून टिपणवहीत तारीख टाका. आणि धर्मगुरूंना सांगून मिस्सेत वाचन करणाऱ्यांच्या यादीत नाव द्या. उतारा आठवडाभर आधी मागा, रोज एकदा मोठ्याने वाचा.