वाचकांचे प्रश्न : आजचा हेवीवेट, कालची रिंग

प्रश्न : हेवीवेट, म्हणजे सगळ्यात वरच्या वजनगटातला मुष्टियोद्धा टायसन फ्युरी सहा फूट नऊ इंच उंच आहे. तो जॅक डेम्प्सी किंवा रॉकी मार्सियानो या जुन्या हेवीवेट विजेत्यांच्या काळात खेळला असता तर त्याला कुणी हरवू शकलं असतं का?

उत्तर : डेम्प्सीसमोर असा धिप्पाड माणूस एकदा खरोखरच उभा राहिला होता. ४ जुलै १९१९, टोलेडो. जेस विलार्ड साडेसहा फूट उंच आणि १११ किलो, तर डेम्प्सी ८५ किलो. विलार्ड पहिल्याच फेरीत सात वेळा कोसळला आणि चौथ्या फेरीसाठी उठलाच नाही. त्याचं वय ३७ होतं, तीन वर्षं तो लढला नव्हता. पण मुख्य चूक म्हणजे तो ताठ उभा राहत होता. डेम्प्सी त्याच्या जॅबखालून (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) वाकून आत शिरायचा आणि आधी बरगड्यांवर मारायचा. पोट वाचवायला हात खाली आले की जबडा उघडा पडतो. मग तिथे डावा हुक, म्हणजे बाजूने वळून येणारा ठोसा, बसायचा.

फ्युरी विलार्ड नाही. तो कमरेतून मागे झुकतो, पायांवर हलका आहे आणि प्रतिस्पर्धी जवळ आला की मिठी मारून आपलं सगळं वजन त्याच्या मानेवर टाकतो. अमेरिकेच्या डिऑन्टे वाइल्डरविरुद्ध २०२०मध्ये त्याचं वजन जवळपास १२४ किलो होतं. एवढा भार दर फेरीत पाच-सहा वेळा मानेवर घेतला की लहान चणीच्या योद्ध्याचे पाय लवकर थकतात. शिवाय त्याच्या हातांची पोहोच २१६ सेंटिमीटर, मार्सियानोची १७३च्या आसपास. म्हणून १९५०च्या दशकातल्या नियमांनी मार्सियानोशी लढत झाली, तर मी गुणांवर फ्युरीला झुकतं माप देईन.

१९१९चे नियम लावले की मात्र माझं मत बदलतं. तेव्हा प्रतिस्पर्धी खाली पडला तरी लांबच्या कोपऱ्यात जाण्याचं बंधन नव्हतं. डेम्प्सी पडलेल्या विलार्डच्या डोक्याशीच उभा राहायचा आणि त्याचे गुडघे जमिनीवरून सुटले की पुन्हा मारायचा. पुढे कोपऱ्यात जाण्याचा नियम आला आणि त्याचा फटका डेम्प्सीलाच बसला. १९२७मध्ये शिकागोत प्रतिस्पर्धी जीन टनी पडला तेव्हा डेम्प्सी कोपऱ्यात जायला रेंगाळला. पडलेला योद्धा पंचाने दहा मोजेपर्यंत उठला नाही तर हरतो; इथे ती मोजणी उशिरा सुरू झाली आणि टनीला दहापेक्षा जास्त सेकंद मिळाले. आता फ्युरीची डिसेंबर २०१८ची लढत आठवा. बाराव्या फेरीत वाइल्डरने त्याला आडवं केलं आणि मोजणी संपता संपता तो उठला. डेम्प्सीच्या काळात वाइल्डर मूठ वळून त्याच्या शेजारीच उभा असता. अशा रिंगमध्ये मी डेम्प्सीवरच विश्वास ठेवीन.

प्रश्न : विजेतेपदाच्या लढती १५ ऐवजी १२ फेऱ्यांच्या झाल्याने खरंच एवढा फरक पडतो का?

उत्तर : पडतो. एक फेरी तीन मिनिटांची. म्हणजे ३६ मिनिटांच्या जागी ४५ मिनिटं मारामारी, आणि ती जास्तीची नऊ मिनिटं सगळ्यात थकलेल्या अवस्थेतली. जून १९४१मध्ये बारा फेऱ्यांनंतर बिली कॉन दोन पंचांच्या कार्डांवर (गुणपत्रिकांवर) तेव्हाचा विजेता जो लुईच्या पुढे होता, तिसऱ्याच्या कार्डावर बरोबरी होती. लुईने त्याला तेराव्या फेरीत झोपवलं. सप्टेंबर १९५२मध्ये तेव्हाचा विजेता जर्सी जो वॉलकॉट तिन्ही कार्डांवर मार्सियानोच्या पुढे होता. तोही तेराव्यातच गेला. आजचे नियम असते तर कॉन आणि वॉलकॉट जिंकले असते आणि मार्सियानोची ४९-० ही कारकीर्द अजिंक्य राहिली नसती! आजचा १२०-१२५ किलोंचा योद्धा बारा फेऱ्यांच्या हिशेबाने दम राखून ठेवतो. त्याला जुन्या काळात पाठवायचं तर तयारी बदलावी लागेल. आधी दहा-पंधरा किलो उतरवावे लागतील.

प्रश्न : जुन्या फिल्ममधले मुष्टियोद्धे अडाण्यासारखे हात फिरवताना दिसतात. ते खरंच तसे होते का?

उत्तर : मूकपटांच्या काळातल्या फिल्मवरून वेग ठरवू नका. सेकंदाला १६ चित्रांनी घेतलेली फिल्म २४ने दाखवली की सगळं दीडपट वेगाने आणि झटके देत दिसतं. पाय कुठे पडतात, ठोसा मारल्यावर डोकं कुठे जातं, ते पाहा.

प्रश्न : मग आजचा कोणता हेवीवेट जुन्या काळात सगळ्यात सहज रुळला असता?

उत्तर : ओलेक्सांदर उसिक. मे २०२४मध्ये फ्युरीला हरवताना तो सुमारे १०१ किलो होता. १९७४मध्ये किन्शासातल्या विजेतेपदाच्या लढतीत जॉर्ज फोरमन १००च्या आणि मुहम्मद अली ९८च्या आसपास होता. म्हणजे आकाराचा प्रश्नच नाही. त्यात उसिक डावखुरा. हेवीवेटमधला पहिला डावखुरा विजेता, मायकेल मूरर, १९९४मध्ये झाला; त्याआधीच्यांना या पवित्र्याचा सराव फारसा नव्हता. डावखुऱ्याचा उजवा खांदा पुढे असल्याने अलीचा प्रतिस्पर्धी जो फ्रेझर याच्या डाव्या हुकला वाट सापडायला वेळ लागला असता. धोका फोरमनचा. तो रिंगचे कोपरे बंद करत यायचा आणि पोटावर मारायचा. फ्युरीने पहिल्या लढतीत चौथ्या-पाचव्या फेरीच्या सुमारास पोटावरच उसिकला त्रास दिला होता.